नोकरी सोडून कुडाळला कोकम प्रक्रिया: आधी राजीनामा की आधी एक हंगाम?

घाटावरचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी. सध्या पुण्यात खाजगी कंपनीत नोकरी, सलग ९ वर्षं. गाव कुडाळ तालुक्यात. घरची २२ फळती रातांब्याची (कोकमाची) झाडं आहेत. शेजारपाजारचं फळ विकत मिळू शकतं, कारण वाडीत निम्मं फळ दरवर्षी झाडाखाली कुजतं. घराला मोठं खळं, विहिरीचं पाणी आणि मागे पत्र्याची एक रिकामी खोली (साधारण १५ बाय २० फूट).

विचार असा आहे की मार्चअखेर राजीनामा द्यायचा आणि एप्रिल-मेमध्ये अमृत कोकम (साखरेत मुरवलेलं कोकम सरबत) करून बाजारात उतरायचं. हातात ६ लाख आहेत, शिवाय पीएफ. अनुदानावर मशिनरी घेण्याचंही डोक्यात आहे.

जाणकारांना तीन प्रश्न. पहिल्या वर्षी किती फळाला हात घालावा? सरबतच करावं की आणखी काही? आणि राजीनाम्याची वेळ बरोबर आहे का? "मन लावून करा, यश मिळेल" छाप उत्तरं नकोत, आकडे हवेत.

---

भिरंडवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्याला टांगलेलं आहे. वेळ चुकीची आहे. रातांबा पिकतो एप्रिलअखेर ते जून, आणि कोकम सरबताला खरी मागणी मार्च ते मे. म्हणजे तुमची पहिली बाटली २० मेच्या आसपास तयार होईल, तेव्हा उन्हाळ्याचे मोजून दोन-तीन आठवडे उरलेले असतील. ७-१० जूनला पाऊस लागला की थंड सरबताची विक्री बसते. मग तोच माल पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत खोलीत. साखरेत, बाटलीत, लेबलात घातलेला पैसा नऊ-दहा महिने अडकतो आणि त्याच काळात तुमचा पगार बंद असतो. इकडचे बरेच कोकम उद्योग माल वाईट म्हणून बंद पडत नाहीत. माल दोन महिन्यांत करायचा आणि पैसा बारा महिन्यांत यायचा, ही सांगड न बसल्याने पडतात.

आता काय करावं ते. पहिल्या वर्षी १ टन फळ, जास्त नाही. यात साधारण निम्मं वजन सालीचं, म्हणजे ५०० किलो साल हातात येते. बाकी गर आणि बिया. बिया फेकू नका. धुऊन कडक वाळवा, मुठेल काढणारे घेतात. भेगांवर लावायचं तेच तेल आता सौंदर्यप्रसाधनांतही जातं.

फळ कसं घ्यायचं: पूर्ण लाल-जांभळं, झाडावरून उतरवलेलं. खाली पडलेलं फुटकं फळ वेगळं काढा, त्यात किण्वन सुरू झालेलं असतं आणि एक टोपली सगळा ड्रम बिघडवते. फळ काढल्यापासून तीन-चार दिवसांत कापलंच पाहिजे. धुतल्यावर चाळणीवर किंवा जाळीवर पूर्ण निथळू द्या. हे क्षुल्लक वाटतं, पण सरबत आंबण्याचं अर्धं कारण इथेच आहे. ओल्या सालीबरोबर गेलेलं पाणी साखरेचं प्रमाण खाली आणतं.

कापायला स्टेनलेस सुरी. लोखंडी विळीने साल काळपट पडते. ॲल्युमिनियमचं पातेलं तर आणूच नका, कोकमाचं आम्ल ते खातं. स्टेनलेस घ्यायचं म्हणाल तर ३०४ ग्रेडलाही मीठ आणि आम्ल एकत्र आले की बारीक खड्डे पडतात. आगळासाठी (मिठात काढलेला कोकमाचा रस) फूड ग्रेड एचडीपीई म्हणजे जाड प्लास्टिकचा ड्रमच सरस आणि स्वस्त.

अमृत कोकमाचं प्रमाण सालीच्या दुप्पट साखर. २०० लिटरच्या ड्रमात ६० किलो साल आणि १२० किलो साखर, थर एकाआड एक, सगळ्यात वर साखरेचा थर. वर वीतभर जागा सोडा. दिवसातून दोनदा तळापासून ढवळायचं, लाकडी नव्हे, स्टेनलेस किंवा फूड ग्रेड दांड्याने. साखर तळाला बसते आणि वर पातळ रस राहतो, तोच पातळ रस आधी आंबतो. सातव्या-आठव्या दिवशी गाळा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (साखरेचं प्रमाण दाखवणारं उपकरण) बघा. ६५ ब्रिक्सच्या (म्हणजे वजनात साधारण ६५ टक्के साखर) खाली असेल तर भरू नका, साखर घालून विरघळवा. ६८ मिळालं तर निवांत झोपा.

तापवायचं नाही. कोकमाचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, उष्णतेने तपकिरी होतो. उजेडानेही होतो, म्हणून भरलेल्या बाटल्या खोक्यात ठेवायच्या, दुकानाच्या काचेत उन्हात मांडायच्या नाहीत.

टिकवणीसाठी सोडियम बेंझोएट किलोला ०.६ ग्रॅम, म्हणजे १०० किलोला ६० ग्रॅम. चमच्याने नाही, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. भुकटी थेट सरबतात टाकली की आम्लात तिचे पांढरे कण सुटतात. आधी थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग ढवळत ओता. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरू नका. इतर फळांच्या स्क्वॉशला चालतं, इथे मात्र ते रंग उडवतं आणि लाल सरबत फिकट गुलाबी होऊन बसतं.

---

हिशोबनीस

वरचं सगळं मान्य. आता तेच आकड्यांत. दर प्रत्येकाने आपापले घालावेत, मी नुसता हिशोब कसा बसतो ते दाखवतो. फळ ३० रुपये किलो, साखर ४५ धरतो.

३०० किलो साल सरबताला घातली तर ६०० किलो फळ म्हणजे १८,००० रुपये. साखर ६०० किलो, २७,००० रुपये. बघा, फळापेक्षा साखर महाग पडते. लोक फळाच्या दरात घासाघीस करत बसतात आणि साखर गावच्या दुकानातून किरकोळ दराने आणतात.

सरबत गाळून साधारण ६६० किलो धरू. इथे नवखा हमखास फसतो: सरबत पाण्यासारखं नसतं. ६५ ब्रिक्सचं १ लिटर सरबत सुमारे १.३२ किलो भरतं. म्हणजे ७०० मिलीच्या बाटलीत ९२० ग्रॅमच्या वर माल जातो. ६६० किलो म्हणजे ९४० बाटल्या नाहीत, ७१६ बाटल्या. बाटली, झाकण, सील, लेबल, खोक्याचा वाटा मिळून २० रुपये धरले तर १४,३२०. कापणी-गाळणीची मजुरी ८,०००. एकूण ६७,३२०, बाटलीमागे ९४ रुपये. यात वीज, तपासणी, फुटतूट, वाहतूक आणि तुमची स्वतःची मजुरी नाही. २०० रुपये एमआरपी ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के मागितले तर हातात १४०.

आता तीच ३०० किलो साल आगळाला घाला. मीठ १७ टक्क्यांनी ५१ किलो. जाडं मीठ हजार रुपयांच्या आत. २७,००० विरुद्ध १,०००. म्हणूनच पहिल्या वर्षी माझं मत सरळ आहे: आगळ आणि आमसूल मुख्य, सरबत नमुन्यापुरतं. आगळ बारा महिने खपतं, कारण सोलकढी बारा महिने लागते. मालवणी खानावळींना ५ लिटरचा कॅन हवा असतो, चकचकीत लेबल नको असतं. त्यांना चव आणि रंग दर खेपेला तोच हवा, एवढंच.

---

आठवडीबाजार

हिशोबनीस, इथे थोडा वाद घालतो. आगळाला भांडवल कमी हे खरं, पण खानावळ उधारीवर चालते. दीड-दोन महिन्यांची उधारी आणि गणपतीनंतर "बघू हां" हे ठरलेलं. सरबताची बाटली मे महिन्यात आणि चतुर्थीला रोख जाते. परत निघालेला चाकरमानी गाडीत जागा असेल तेवढं घेऊन जातो. म्हणून सरबत अगदीच नमुन्यापुरतं ठेवू नका, १०० किलो सालीचं तरी करा. फक्त निम्म्या बाटल्या मेमध्ये, निम्म्या चतुर्थीला, हे आधीच वाटून ठेवा.

पॅकिंगचं दोन ओळींत. झाकणाला इंडक्शन सील (तोंडावर चिकटणारा फॉइलचा पडदा) हवंच, नाहीतर पार्सलमध्ये एक बाटली पाझरली की बाराही लेबलं लाल. साध्या पेट बाटलीत गरम काही भरू नका, मान वाकडी होते. खोक्यात पुठ्ठ्याची कप्पे-जाळी घाला.

आणि लेबलावर "पित्तनाशक", "वजन घटवते" असलं लिहू नका. कोकमाचे गुण आजीने सांगितलेले असोत, लेबलावर आले की तो दावा होतो आणि दावा सिद्ध करावा लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे सरबतात पहिलं नाव साखरेचंच येणार, त्यात लाज नाही. १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ प्रमाण, एमआरपी, उत्पादनाची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन, पोषणमूल्यं, आणि बेंझोएट घातलंय तर तसा स्पष्ट उल्लेख. वैधमापनशास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत करावी लागते, ही बहुतेकांना माहीतच नसते.

बॅच क्रमांक शोभेला नसतो. ड्रमनिहाय बॅच ठेवा. एक ड्रम आंबला तर तेवढ्याच बाटल्या परत बोलावता येतात, नाहीतर सगळा माल संशयात.

---

घाटावरचा_चाकरमानी

इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आगळ आणि आमसुलांचं प्रमाणही सांगाल का? आमसुलं घरी होतात, पण ती घरापुरती. दरवर्षी थोडी बुरशी लागतेच. आणि अनुदानाबद्दल कुणी बोललं नाही.

---

भिरंडवाला

आगळ: १०० किलो सालीला १६ ते १८ किलो मीठ, थर देऊन, वरून स्वच्छ वजन ठेवून साल रसाखाली दाबायची. रोज वरखाली. आठवड्याने रस गाळून झाकणबंद ड्रममध्ये. मीठ १४-१५ वर आणलं की वर पांढरी साय धरते. जूनच्या पहिल्या पावसात सापडलेल्या फळात पाणी जास्त, त्याला मीठ दोन टक्क्यांनी वाढवा. आणि आगळाचं मीठ रिफ्रॅक्टोमीटरवर मोजू नका. तो मीठ, साखर, आम्ल सगळं एकत्रच दाखवतो. घालतानाचं वजन हाच भरवसा. पहिल्या ड्रमचा उतारा लिहून ठेवा: साल किती, मीठ किती, रस किती निघाला. पुढच्या वर्षीचा दर त्यावरून ठरेल.

आमसुलं: साल सोडवताना निघालेल्या गराच्या रसात लिटरला १०० ते १२० ग्रॅम मीठ. त्यात साल रात्रभर बुडवायची, सकाळी उन्हात, संध्याकाळी परत रसात. अशी चार पुटं. सालीला रंग आणि आंबटपणा त्या पुटांमुळेच. दोन पुटांत आटपलेली आमसुलं फिक्कट तपकिरी होतात आणि आमटीत टाकली तरी चव उतरत नाही. दहा किलो फळाला साधारण एक किलो आमसूल धरा.

बुरशीचं कारण बहुधा वाळवण नाही, साठवण असेल. मीठ हवेतलं पाणी ओढतं. मेअखेर कडकडीत असलेली आमसुलं जुलैत पाझरतात. वाळून लवचिक झाली, वाकवल्यावर मोडत नाहीत आणि मुठीत दाबली तरी चिकटत नाहीत, त्याच दिवशी संध्याकाळी, गार झाल्यावर, जाड पिशवीत सील करा. "उद्या भरू" म्हणून रात्रभर सुपात ठेवली की संपलं.

खळ्यावर थेट वाळवू नका. सारवलेलं असो की शहाबादी, वाळूचा एक कण दाताखाली आला तर गिऱ्हाईक गेलं. फूटभर उंच मांडणी, त्यावर जाळी, वरून मच्छरदाणीचं कापड. वळीव येतोच, तेव्हा ढकलून आत नेता येतील अशा रुंदीचे ट्रे करा. वाळवणी यंत्र घेतलंत तर तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नका.

आणि क्रम चुकवू नका: ऊन कडक आहे तोवरचं फळ आमसुलाला, मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचं आगळाला. उलटं केलं तर ऊन असताना ड्रम भरून बसाल आणि पावसात सोलं वाळवत बसाल.

---

लाल_माती

पावस इलो काय सगळा खलास, ह्या ध्यानात ठेवा. बाकी भिरंडवाल्यान सांगितला ता बरोबर.

एक सांगतंय, मजूर माणसां आधी बघा. मे महिन्यात आंबो, काजू, फणस सगळाच एकदम येता. कापूक बायका गावनत नाय. दर मार्चातच ठरवून ठेवा, नायतर फळ घरात नि कापणारा कोण नाय.

---

हिशोबनीस

अनुदानाचं. पीएमएफएमई म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, २०२० पासूनची: पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम: ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के. दोन्ही कर्जाशी जोडलेल्या. लोकांचा गैरसमज इथे होतो. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने बाजूला पडून राहतं, तीन वर्षं उद्योग चालू राहिला आणि हप्ते नियमित असले तर कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिल्या वर्षाचं खेळतं भांडवल त्यातून निघत नाही. "अनुदान मिळतंय म्हणून" यंत्र घेणं ही सर्वात महागडी चूक. एका टनाला लागतं काय? ड्रम, ट्रे, काटे, रिफ्रॅक्टोमीटर, बाटल्यांचं हाताने चालणारं सील यंत्र. पल्पर, कोल्ड स्टोअर, ऑटोमॅटिक फिलिंग हे सगळं चार-पाच टनांच्या पुढे.

तुम्हाला लागणार आहे ते एप्रिल-जूनमध्ये उचलायचं आणि वर्षभरात फेडायचं भांडवल. त्यासाठी बँकेत मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं, जमेल तसं भरायचं खातं) मागा. मुद्रात किशोर गट ५ लाखांपर्यंत आहे. अर्जात महिन्यागणिक विक्रीचा तक्ता जोडा आणि त्यात जुलै ते जानेवारी सरबताची विक्री कमीच दाखवा. बारा महिने सारखी विक्री दाखवणारा तक्ता पाहिला की कोकणातल्या शाखेचा व्यवस्थापक लगेच ओळखतो की हा कागद दुसऱ्याने भरून दिलाय.

उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर घरबसल्या होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी: मालाची उलाढाल ४० लाखांपर्यंत राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय चालते, पण करपात्र माल परराज्यात पाठवायचा म्हटलं की पहिल्या खोक्यापासून नोंदणी लागते. गोवा परराज्य आहे. कुडाळहून बांद्याच्या पुढे गेलात की झालं, म्हणून सांगतोय.

आता नोकरी सोडण्याचं, राजीनाम्याआधी करायची कामं. वैयक्तिक आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. कंपनीचं संरक्षण शेवटच्या दिवशी संपतं आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत असू शकते. घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज घ्यायचं असेल तर पगाराच्या पावत्या हातात आहेत तोवर घ्या, नंतर बँक धंद्याची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. ९ वर्षं झाली आहेत ना? पेन्शन योजनेला १० वर्षं सेवा लागते. सदस्यत्वाची नेमकी तारीख बघा. काही महिनेच कमी असतील तर तेवढे थांबणं म्हणजे एक हंगाम नोकरीत राहून पाहणं, आणि तुम्हाला तेच करायचं आहे. ग्रॅच्युइटीची ५ वर्षं तुमची भरलीच आहेत. पीएफ धंद्यात घालू नका. ६ लाखांतले घरखर्चाचे १८ महिने आधी बाजूला काढा, उरतं ते भांडवल. १८ का, तर मेमध्ये सोडलीत तर पुढचा अख्खा उन्हाळा आणि दोन चतुर्थ्यांची विक्री त्यात बसते.

---

आठवडीबाजार

थोडक्यात वेळापत्रक: या वर्षी राजीनामा नाही. २० एप्रिल ते १० जून साठवलेली आणि बिनपगारी मिळून रजा घ्या, आणि नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. आताच एफएसएसएआय नोंदणी आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी. मार्चात वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र नाहीतर किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र गाठून प्रशिक्षणाच्या तारखा विचारा, प्रात्यक्षिक एकदा डोळ्यांनी पाहिलं की ड्रम वाचतो. भरलेल्या प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या घरात, उबदार जागी ठेवा. महिन्याने झाकण फुगलं, बुडबुडे आले, दारूसारखा वास आला तर ती बॅच बाजारात जाऊ देऊ नका. डिसेंबरपर्यंत किती खानावळींनी दुसऱ्यांदा आगळ मागितलं ते मोजा. पहिल्यांदा घेणारे ओळखीचे असतात, त्यांना धरू नका.

---

घाटावरचा_चाकरमानी

पेन्शनची तारीख बघितली, दहा वर्षं येत्या ऑगस्टमध्ये भरतात. म्हणजे या हंगामाला रजाच. ३५० किलो साल आगळ-आमसुलाला, १०० सरबताला, बाकी चुकायला राखून. एक शेवटचं: ड्रम जुने घेतले तर चालतील का? कुडाळ एमआयडीसीत स्वस्त मिळतात.

---

भिरंडवाला

आधी त्यात काय होतं ते कळल्याशिवाय नाही. रंग, केमिकल, साबणाचं द्रव्य असलेला ड्रम दहा वेळा धुतला तरी एचडीपीईत मुरलेला वास आम्ल बाहेर काढतं. खाद्यतेलाचाही नको, तेलाचा वास बसतो. ग्लुकोजचा किंवा फळांच्या गराचा असेल, आतून ओरखडे नसतील आणि बुडावर फूड ग्रेडची पेला-काट्याची खूण असेल, तर चालेल. घेतल्यावर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, दोन दिवस उन्हात उघडा ठेवा, मग मूठभर मीठ आणि वाटीभर जुनं आगळ घालून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या आगळाची सोलकढी करून बघा. कढीला वास आला तर तो ड्रम पावसाचं पाणी साठवायला.